धागा: चाळिशीनंतर कयाकिंग सुरू करायचंय, पुण्याजवळच्या धरणांवर कुठून सुरुवात करू?

मृद्गंध
नमस्कार मंडळी, बरेच दिवस मनात घोळतंय ते आज लिहूनच टाकते. वय ४४, राहायला वारज्याला, नोकरी लॅपटॉपसमोर बसायची. दिवाळीच्या सुट्टीत पवनेच्या काठी तंबूत एक रात्र राहिलो होतो, सगळे झोपलेले आणि मी साडेसहाला उठून बाहेर आले तर तिथल्या मुलाने विचारलं, ताई बोट नेणार का? केशरी प्लास्टिकची कयाक होती, एकट्याने वल्हवायची छोटी होडी. अर्धा तास मी एकटी पाण्यावर. पाण्यावर धूर असावा तसं धुकं, समोर तुंगचा सुळका, आणि पॅडल, म्हणजे दोन्ही टोकांना पाती असलेलं वल्हं, उचललं की त्याच्या टोकावरून पाणी निथळायचा आवाज, बाकी काही नाही. परत आले तेव्हा दंड दुखत होते पण डोकं इतकं स्वच्छ झालेलं की गेल्या कित्येक वर्षांत असं वाटलं नव्हतं.

तेव्हापासून दुसरं काही सुचत नाहीये. महिन्यातून दोनतीन रविवार तरी हे करायचंय. पोहता येतं, सोसायटीच्या तलावात न थांबता दहाबारा फेऱ्या होतात. पण धरणात कधी पोहले नाही. हवेची कयाक विकत घ्यावी असं वाटतंय कारण फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आणि गाडी छोटी. कोणती घेऊ? खडकवासला घराजवळ आहे तिथेच रोज जाता येईल का?

आणि अजून एक. आई माझ्याकडे असते, ७३ वर्षांची. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा ती नऊ वर्षांची होती, शनिवार पेठेत. वाड्याच्या वरच्या मजल्यावरून तिने खालचं पाणी चढताना पाहिलंय. तिला मी हे सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "धरणाच्या पाण्याशी खेळायचं नसतं." त्यावर मला काही बोलता आलं नाही. अनुभवी लोकांनी मनापासून सांगा, तिची भीती कितपत बरोबर आहे?

घाटमाथा
धागा काढलात ते फार छान केलंत. मी सहा वर्षं करतोय, पवना, पानशेत, मुळशी, एकदोनदा भंडारदरा. आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. आईंची भीती बरोबरच आहे. वरून तळं वाटलं तरी ते तळं नाही, ते अडवलेलं पाणी आहे, खाली नदीचं खोरं आहे, पातळी महिन्यामहिन्याला बदलते, आणि एका टोकाला भिंत आहे. एकदा ते डोक्यात बसलं की अर्धे अपघात तिथेच टळतात.

खडकवासल्याचा विचार सोडा. पुण्याचं पिण्याचं पाणी आहे ते आणि एका बाजूला एनडीएची, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, लष्करी हद्द लागते, तिथे आपण आपली होडी घेऊन उतरायचं म्हटलं तर चालत नाही. कुठल्याही धरणावर आधी विचारायचं, पाटबंधारे खात्याचे बोर्ड असतात ते वाचायचे. पाषाण कात्रज वगैरे शहरातली तळी जलपर्णी आणि सांडपाण्यामुळे बादच समजा. सुरुवात पवना नाहीतर पानशेतला करा, जिथे बोटी भाड्याने मिळतात आणि काठावर माणूस बसलेला असतो.

आता खरेदीचं. आत्ता काहीच घेऊ नका. फक्त एक गोष्ट घ्या, स्वतःच्या मापाचं लाइफ जॅकेट. भाड्याच्या ठिकाणी जे मिळतात त्यांचा फोम वर्षानुवर्षं उन्हात आणि माणसांच्या बुडाखाली दबून चपटा झालेला असतो, बकल तुटलेली असतात, मग सुतळीने बांधतात. घातल्यावर दुसऱ्याला दोन्ही खांदे धरून वर उचलायला सांगा. जॅकेट हनुवटीच्या वर कानापर्यंत आलं तर पाण्यात ते डोक्यातून निघून जाणार. आणि ते अंगात घालायचं, बोटीत मागे ठेवायचं नाही.

गारगोटी
घाटमाथांनी जॅकेटचं लिहिलंय म्हणून माझं लिहितो, कुणाच्या तरी कामी येईल.

गेल्या एप्रिलमध्ये आम्ही तिघं मित्र एका धरणावर गेलो, धरणाचं आणि बोटवाल्याचं नाव लिहीत नाही. दुपारी साडेतीनला उतरलो, पाणी एकदम शांत. मी एकट्याच्या कयाकमध्ये, ते दोघं डबलमध्ये. जाताना इतकं सोपं वाटत होतं की वाटलं आपल्याला जमतंय, पंधरावीस मिनिटांत काठावरचे तंबू बारीक दिसायला लागले. मग परत फिरलो आणि तेव्हा कळलं की जाताना आपण चालवत नव्हतो, वारा नेत होता. पाठीवर होता म्हणून जाणवला नाही एवढंच. वळल्यावर तो छातीवर आला. दहा वेळा पॅडल मारायचं आणि काठाकडे बघायचं तर आपण जागच्या जागी. पाण्याला पांढरे तुरे यायला लागले, पुढची बाजू सारखी वळून आडवी व्हायची, आणि आडवी झाली की लाट बाजूने आत. मी पाण्यात पडलो. जॅकेटचं एक बकल तुटलेलं होतं, ते बगलेतून वर सरकून माझ्या तोंडावर आलं. पोहता येत असून मला श्वास घेता येईना. पॅडल हातातून सुटलं ते गेलंच.

मी कयाकला धरून राहिलो, चढायचा चार वेळा प्रयत्न केला, दर वेळी ती माझ्या अंगावर पालथी व्हायची. शेवटी जाळी काढायला आलेल्या एका काकांनी पाहिलं, ते ट्यूबवर बसून आले, मला सांगितलं "चढू नको, नुसता धरून राहा", आणि ओढत जवळच्या काठाला नेलं. तिथून तंबूपर्यंत काट्यातनं चालत पाऊण तास. बोटवाल्याने आधी पॅडलचे पैसे मागितले.

तो वारा मी आजही विसरलेलो नाही. शिकायच्या आधी उलटायला शिका, एवढंच सांगेन.

मृद्गंध
गारगोटी, वाचताना अंगावर काटा आला. सुखरूप आलात हे महत्त्वाचं. पण एक कळलं नाही, पाणी शांत होतं तर वारा आला कुठून? असा अचानक येतो का?

घाटमाथा
अचानक नाही, रोज येतो, आपल्याला माहीत नसतं म्हणून अचानक वाटतो. मी हे उशिरा शिकलो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपली ही सगळी धरणं सह्याद्रीच्या पूर्व उतारावरच्या खोऱ्यांत आहेत. पवना, मुळशी, वरसगाव, पानशेत, नद्या पश्चिमेकडून पूर्वेकडे येतात त्यामुळे भिंत पूर्वेच्या टोकाला आणि बॅकवॉटर पश्चिमेला घाटाच्या पायथ्यापर्यंत. साधारण मार्च ते मे दुपारनंतर समुद्राकडचा वारा घाट चढून येतो, पुण्यात आपल्याला तो संध्याकाळी गार झुळूक म्हणून आवडतो, पण खोऱ्यात तो दोन डोंगरांच्या मधे नळीत सापडल्यासारखा पाण्याच्या लांबीवरून सरळ धावतो. पाण्याचा पट्टा जितका लांब तितकी लाट मोठी. आणि तो ढकलतो कुठे? पूर्वेला, म्हणजे भिंतीकडे. बॅकवॉटरच्या काठावरून निघालेला माणूस दुपारी तंबूपासून लांब आणि भिंतीच्या दिशेने जातो, गारगोटींचं अगदी हेच झालं असणार.

म्हणून नियम असा की निघताना आधी वाऱ्याच्या तोंडावर जायचं, दमलात की वारा तुम्हाला घरी आणतो. वारा नसेल तर तो येईल असं धरूनच दिशा ठरवायची. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सकाळ सर्वात चांगली, सूर्योदयाला पाण्यात आणि साडेनऊ दहाला बाहेर. वाऱ्याचा अंदाज फोनवर बघायचा, ताशी पंधरा किलोमीटरच्या वर दाखवत असेल तर नवशिक्याने काठावर चहा प्यायचा. लाटांच्या टोकांना पांढरा फेस दिसायला लागला तर मी सुद्धा उतरत नाही. एप्रिल मे मधे वळवाचे ढग जमायला लागले की लगेच बाहेर, आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास तरी परत पाण्याकडे जायचं नाही. सपाट पाण्यावर सर्वात उंच वस्तू आपणच असतो.

आणि भिंत, सांडवा, पाणी उचलायचा मनोरा, या तिन्हींपासून लांब. वरून पाणी शांत दिसतं आणि खालून ओढ असते.

जुनावल्हेकरी
मी कॉलेजात असताना सीओईपीच्या, म्हणजे पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या, बोट क्लबवर चार वर्षं काढली, रेगाटासाठी, म्हणजे होड्यांच्या कार्यक्रमासाठी, पहाटे पाचला नदीवर. १९२८ पासून चालू आहे ती रेगाटा, पुण्याला पाण्यावरच्या खेळांची चांगली जुनी परंपरा आहे आणि आपण ती विसरून गेलो. दत्तू भोकनळ, चांदवडजवळच्या तळेगाव रोहीचा दुष्काळी भागातला मुलगा, सैन्यात गेल्यावर पुण्यात रोइंग शिकला आणि २०१६ ला रिओ ऑलिंपिकला गेला, हे मी ओळखीच्या प्रत्येक पोराला सांगतो.

रोइंगमधे आपली पाठ जायच्या दिशेला असते आणि सीट सरकते, पायांचा जोर. कयाकमधे तोंड पुढे, सीट स्थिर. त्यामुळे लोकांना वाटतं हा हातांचा खेळ. नाही. मृद्गंध, तुमचे दंड दुखले ते याचमुळे. पॅडल हाताने ओढू नका, कंबरेपासून वरचं अंग फिरवा. जात्यावर दळताना अंग कसं जातं तसं. पातं पायाच्या चवड्याजवळ पाण्यात घालायचं, पूर्ण बुडू द्यायचं, मग अंग फिरवायचं, आणि कंबरेपाशी आलं की बाहेर. त्याच्या मागे ओढत नेलं तर बोट फक्त वळते, पुढे जात नाही. पाय पुढच्या खाचांवर टेकलेले हवेत आणि गुडघे किंचित वाकलेले, उजवीकडे पॅडल तेव्हा उजव्या पायाने दाबायचं. मूठ सैल. घट्ट धरली की तासाभरात मनगट आणि कोपर बोलायला लागतं.

पातं उलटं धरलेले अर्धे लोक दिसतात. खोलगट बाजू आपल्याकडे आणि पात्याची लांब कड वर. एवढं तपासलं तरी फरक कळेल.

आणि बोट नागमोडी जाते म्हणून घाबरू नका, ही भाड्याची दहा फुटी रुंद कयाक सरळ जाण्यासाठी बनवलेलीच नसते, स्थिर राहण्यासाठी असते. नाकाकडे बघू नका, लांबची एक खूण धरा. तुम्हाला तुंगचा सुळका आहेच.

तळजाईचा_मोर
मला पोहता येत नाही. जॅकेट घालून चालेल का? मित्र म्हणतात काही होत नाही, सगळेच जातात.

घाटमाथा
मोर, स्पष्ट सांगतो, राग मानू नका. चालत नाही. पॅडलिंगची जी आखूड जॅकेटं असतात त्यातली बरीचशी ५० न्यूटन जोराने तरंगवणारी, ती पोहता येणाऱ्याला मदत म्हणून असतात, बेशुद्ध माणसाला ती उताणा करत नाहीत. पोहता न येणारा पाण्यात पडला की घाबरतो आणि त्या भीतीत तो जॅकेटशीच झटापट करतो. तीन महिने तलावावर जा, निदान उताणं तरंगणं आणि तोंडावर पाणी आलं तरी श्वास न सोडणं जमलं पाहिजे. मग या, मी स्वतः तुम्हाला घेऊन जाईन.

पवनाकाठ
नमस्कार. मी पवनेकडचाच. आमचा तंबू बिंबूचा धंदा नाही पण भाऊबंदांचा आहे. चार गोष्टी आमच्याकडनं पण ऐका.

आमच्या आज्ज्याचं शेत या पाण्याखाली हाय. तुम्ही जिथं बोट चालवता तिथं खाली बांध हायत, विहिरी हायत, झाडांची खोडं हायत. दिवाळीत धरण भरलेलं असतं तवा काय कळत नाय, पण उन्हाळ्यात पाणी उतरलं की वाघेश्वराचं देऊळ वर येतं, आम्ही दर्शनाला जातो. तवा काठाला नुसता गाळ असतो, वरनं वाळलेला दिसतो आणि पाय टाकला की मांडीपर्यंत आत. बाहेरची पोरं तिथंच फसतात. पोहायला येतंय म्हणून उडी मारतात आणि खाली खोड असतं. दर साल माणूस जातो, काढायला आम्हीच जातो. मी तीन वेळा गेलोय. ते काम कुणावर येऊ नये.

पाण्यावर थर्माकोलचे तुकडे नायतर बाटल्या ओळीनं तरंगताना दिसल्या की तिथं जाळं हाय. वरनं जाऊ नका. पॅडल अडकतं, तुम्ही वढता, जाळं फाटतं. एक जाळं फाटलं तर माणसाचा आठवडा गेला. लांबनं वळसा घाला, आणि जाळ्यावर माणूस असेल तर एक हात करा, तो पण तुमच्यावर लक्ष ठेवतो. गारगोटी दादांना ज्या काकांनी काढलं तसे काका सगळ्या धरणांवर हायत.

बोटवाला निवडताना बघायचं की त्याच्याकडं मोटरची बोट हाय का आणि तिच्यात पेट्रोल हाय का. नसंल तर तो तुम्हाला आणायला येणार कसा?

मृद्गंध
पवनाकाठ दादा, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. आईला पण वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "ह्या माणसाला कळतंय." वाघेश्वराचं देऊळ कुठल्या बाजूला आहे ते तिने विचारलंय.

सिएटलची_ताई
धागा वाचून राहवलं नाही. माहेर सदाशिव पेठ, गेली पंधरा वर्षं सिएटलला. इथे शहराच्या मधोमध लेक युनियन आहे, लोक ऑफिस सुटल्यावर कयाक काढतात, आणि त्याच पाण्यावर सीप्लेन उतरतात त्यामुळे मधला पट्टा टाळून काठाकाठाने जायचं. कयाकमधे सुद्धा माणशी एक लाइफ जॅकेट असणं इथे कायद्याने सक्तीचं, आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलांनी ते अंगात घालणंही सक्तीचं.

इथला मोठा शत्रू वारा नाही, थंड पाणी. पहिल्याच वर्गात शिकवतात एक दहा एक. गार पाण्यात पडलात की पहिलं एक मिनिट श्वास आटोक्यात आणायला, कारण धाप लागते आणि नाकातोंडात पाणी जातं. पुढची दहा मिनिटं हातपाय कामाचे असतात, तेवढ्यात बोटीवर चढायचं. मग साधारण एक तास शुद्ध टिकते. महाराष्ट्रात पाणी इतकं गार नसतं पण पहिलं मिनिट सगळीकडे तेच. पडल्यावर आधी काहीही करू नका, जॅकेटला तरंगवू द्या, तीनचार श्वास घ्या, मग बोट धरा. मला हे पाठ होतं तरी पहिल्यांदा पडले तेव्हा आठवायला वेळ लागला, म्हणून मुद्दाम पडून सराव करायचा.

आणि शिट्टी. जॅकेटला बांधलेली. ओरडलेलं वाऱ्यात ऐकू जात नाही.

जुनावल्हेकरी
हवेच्या कयाकबद्दल कुणी बोललं नाही, मृद्गंधचा तो प्रश्न राहिला. माझं मत सरळ आहे, घेऊ नये. पाण्याच्या वर तरंगते, वाऱ्यात पतंगासारखी जाते, आणि शिकणाऱ्याला वाटतं आपल्याला चालवता येत नाही.

घाटमाथा
इथे माझा मतभेद आहे. पुण्यातल्या फ्लॅटमधे राहणाऱ्याने बारा फुटी कडक कयाक ठेवायची कुठे? ती पंचवीस किलोच्या आसपास भरते, गाडीच्या टपावर चढवायला दोन माणसं, उन्हात पार्किंगमधे पट्टे आवळून ठेवली तर प्लास्टिक चेपतं. घरी नाही ठेवता आली तर ती वर्षातून दोनदा पाण्यात जाते. हवेची डिकीत मावते म्हणून माणूस दर रविवारी जातो, आणि जो दर रविवारी जातो तोच शिकतो. मी पहिली दोन वर्षं हवेचीच वापरली.

फक्त ज्यात तळ कडक फुगतो आणि खाली सुकाणूसारखी पट्टी लागते तीच घ्या, बाजारात नदीकाठच्या खेळण्यासारख्या मिळतात त्या नकोत. पट्टी लावायला विसरलात तर जुनावल्हेकरी म्हणतात तसंच होईल, गोल गोल फिराल. दुपारी काठावर उन्हात ठेवायची असेल तर थोडी हवा सोडा, हवा तापून फुगते आणि शिवण उसवते. घरी आल्यावर पूर्ण वाळवा, नाहीतर घडीत बुरशी. पॅडल साधारण २२० ते २४० सेंटीमीटर, बोट जितकी रुंद तितकं लांब.

जुनावल्हेकरी
दर रविवारी जाण्याचा मुद्दा पटला. सकाळच्या सकाळी बाहेर यायचं असेल तर हवेची चालेल, वाऱ्यात नाही एवढी दुरुस्ती माझ्याकडून.

कुंडलिका_काठी
उशिरा आलो. एक गैरसमज नको म्हणून लिहितो, कयाकिंग शिकले की लगेच कोलाडला जाऊ असं बरेच जण म्हणतात. आमच्या कुंडलिकेवरचं राफ्टिंग भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सोडलेल्या पाण्यावर चालतं आणि ते पाणी मुळशीच्या धरणातून बोगद्याने घाटाखाली येतं. म्हणजे तुम्ही वर ज्या शांत पाण्यावर शिकणार तेच खाली आमच्याकडे उसळत येतं. पण ती विद्या वेगळी, बोट वेगळी, हेल्मेट लागतं, पालथं होऊन परत सरळ व्हायचं शिकावं लागतं. दोन हंगाम सपाट पाण्यावर काढा. घाई नको.

मृद्गंध
मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितेय. कालचा रविवार सांगायचाच होता.

घाटमाथा आणि त्यांची बायको मला घेऊन पवनेला गेले, साडेसहाला काठावर. पहिला तास त्यांनी मला बोट चालवूच दिली नाही. कमरेएवढ्या पाण्यात, सिट-ऑन-टॉप (आत नाही, वर बसायची) कयाक, आणि सांगितलं पड. मी पडले. पाणी गार होतं, श्वास अडकला, ताईंचं ते पहिलं मिनिट आठवलं आणि तरी मला वाटलं की आत्ताच्या आत्ता बोटीवर चढलं पाहिजे. चढायला गेले आणि बोट अंगावर आली. गारगोटींनी लिहिलंय अगदी तसं.

तीन वेळा तसंच झालं. मी हाताने वर ओढून घेत होते, आणि पाय बोटीखाली जात होते. चौथ्या वेळी वहिनी म्हणाल्या, चढू नकोस, पोह. पाय मागे पाण्याच्या वर आण, आडवी हो, लाथा मार, आणि पोहत पोहत पोटावर बोटीच्या मधोमध ये. आले. मासा काठावर येतो तशी पालथी पडले बोटीवर. मग कूस बदलून आधी बूड सीटवर आणि शेवटी पाय. बसल्यावर मला रडूच आलं, का ते माहीत नाही. मग खोल पाण्यात जाऊन अजून सहा वेळा पडले. सहाव्या वेळी पॅडल हातात धरून ठेवलं होतं.

दुसरा तास चालवली. कंबरेपासून फिरवायचं हे वाचून कळत नाही, पण मधेच कधीतरी दोनचार वेळा बरोबर लागलं आणि बोट एकदम सुळकन पुढे गेली, हाताला काहीच वजन नाही. तेवढ्या दोनचार वेळा. आज दंड दुखत नाहीयेत, बरगड्या दुखताहेत, जुनावल्हेकरी काका खूश होतील.

पावणेदहाला पाण्यावर पहिली सुरकुती आली, पश्चिमेकडून. घाटमाथांनी नुसतं त्या दिशेला पॅडल दाखवलं आणि आम्ही बाहेर पडलो. वीस मिनिटांत सगळं पाणी खडबडीत झालं होतं. म्हणजे हिवाळ्यात पण येतो.

आई आली होती. मी बोलावलं नव्हतं, तीच म्हणाली येते. काठावर खुर्चीत शाल घेऊन बसली. मी पडायला लागले तेव्हा ती उठून उभी राहिली ती शेवटपर्यंत उभीच होती, नंतर घाटमाथांनी सांगितलं. परत येताना गाडीत कामशेतपर्यंत काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्या वेळी वाड्यात आमच्याकडे एक साधा दोरसुद्धा नव्हता." आणि माझ्या जॅकेटचे पट्टे किती आहेत ते विचारलं. तीन आहेत म्हटलं. घरी आल्यावर तिने ते धुऊन बाल्कनीत सावलीत वाळत घातलं.

गारगोटी
मृद्गंध, तुमचं वाचून मी परत जायचं ठरवलंय. एप्रिलनंतर पाण्याकडे गेलो नव्हतो. पुढच्या रविवारी तुमच्याबरोबर येऊ का? मला पण आधी पडायचंय.

घाटमाथा
या. सव्वापाचला चांदणी चौक. दोन जोडी कपडे, पायात बंद सँडल, फोनची वॉटरप्रूफ पिशवी गळ्यात अडकवायची. जॅकेट नसेल तर माझ्याकडे एक जास्तीचं आहे, छातीचं माप कळवा.

पवनाकाठ
मी पण हाय रविवारी. घाटमाथांकडं माझा नंबर हाय, धरणाजवळ आला की फोन करा, चहा आमच्याकडं. आणि आईंना आणा, देवळाची जागा मी वरच्या रस्त्यावरनं दाखवतो, आत्ता पाण्यात हाय पण जागा दिसते.